तेराचा पंखा

होडीच्या इंजिनाचा पंखा बदलायला दहा मिनिटं लागतात. मागची खिळी सरळ करून ओढायची, टोपी काढायची, जुना पंखा उतरवायचा, दुसरा चढवायचा आणि खिळी परत वाकवायची. हात ओले असले तर बारा मिनिटं म्हणा. एवढं काम मी सोमवारवर ढकललं होतं. मधे शनिवार होता.

मी मानसिंग, कडेगावकडचा. फौजेत इंजिनियर पलटणीत बारा वर्षं काढली. काम होड्यांचं. होडीच्या मागं लावायची इंजिनं बसवायची, चालवायची, बिघडली की उघडायची. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या नद्यांवर रात्रंदिवस तेच केलं. सुटलो तेव्हा होतो लान्स नाईक. पण आमच्या मुलखात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच. सख्खे चुलते मला मेजर म्हणायचे. पहिले चार दिवस लाज वाटली, मग वाटेनाशी झाली. पुढं तर कुणी नुसतं मानसिंग म्हटलं की राग यायचा. मी मूळचाच तोंडाचा फटकळ, त्यात हे.

गावी उसाच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करत होतो. पंच्याहत्तर सालच्या चैत्रात मेढ्याहून हंबीरराव मला शोधत आले. कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांची सोसायटी निघाली होती, आणि हे तिचे चेअरमन. सोसायटीला चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी मिळाली होती, दहा हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन मिळालं होतं, आणि दोन्ही जोडून देणारा माणूस कुठं मिळत नव्हता.

"मेजर, दोन म्हयनं या," ते म्हणाले. "इंजन बसवा, आमच्या मानसाला शिकवा, मग जावा."

गेलो. तिथले लोक त्या होडीला जर्मनची होडी म्हणत. आपल्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, त्यातलं ते. एक म्हातारा मला खरोखरच विचारत होता, की एवढ्या लांबून पाण्यातून आली का रस्त्यानं.

माझ्या हाताखाली दिला तो आकाराम. तिशीतला, सडपातळ, कमी बोलणारा. त्याचं गाव पाण्याखाली. धरण भरलं तेव्हा घरं सोडून ही माणसं वर डोंगराच्या कडेला येऊन राहिली. त्याची बायको बनुबाई होडीत त्याच्या बरोबरीनं जाळी ओढायची. दोघं पहाटे निघत, रात्रीची जाळी काढत आणि सात-साडेसातला मासे काठावर आणत. आठला साताऱ्याचा ट्रक सुटायचा. उन्हाळ्याचे दिवस, ट्रक चुकला की माशाची माती. म्हणून तर इंजिनाचा एवढा सोस.

इंजिनाच्या खोक्यात दोन पंखे होते. एकावर नऊचा आकडा ठोकलेला, दुसऱ्यावर तेराचा. आकडा म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यातून किती इंच पुढं सरकेल तो. नवाचा पंखा लहान पावलं टाकतो, पण ओझं ओढतो. तेराचा ढांगा टाकतो. होडी मोकळी असेल तर पळवतो, भरलेली असेल तर इंजिनाचा जीव काढतो. बैलालाही कळतं हे. मोकळ्या गाडीला दुडकी, उसाच्या गाडीला संथ चाल.

हे मला पक्कं माहीत होतं. फौजेत भरल्या होडीला आम्ही कधी तेराचा लावला नाही.

इंजिन जोडायच्या दिवशी काठावर पन्नास माणसं गोळा झाली. हंबीररावांनी दोन्ही पंखे हातात घेऊन तोलले. "ह्यातला मोठा कंचा, मेजर?"

"तेराचा."

"मग नवाचं काय लोणचं घालायचं?"

लोक हसले. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण पन्नास माणसांपुढं चेअरमनला आडवं जायचं जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर होडी पळवून दाखवायची मलाच खाज होती. तेराचा चढवला. होडीत मी आणि आकाराम, बाकी काही नाही. दोरी ओढली. होडी अशी सुटली की काठावरची माणसं बघता बघता बोटाएवढी झाली. परत आलो तर हंबीररावांनी माझ्या गळ्यात हार घातला.

"हाच बसनार बगा," मी म्हणालो. "मी लढाईत नद्या वलांडल्यात. ह्यातलं मला कुनी सांगायला नको."

त्या दिवशी आकारामला मी पितळेची पिनही दाखवली. पंखा आणि दांडा यांच्यामधे एक बोटभर पितळेची पिन असते. पंखा दगडावर आपटला की ती मोडते आणि इंजिन वाचतं. त्यानं ती हातात फिरवून बघितली.

"मानसासाठी आसली पिन निगत न्हाई व्हय, मेजर?"

"निगाली की तुला पयली देतो," मी म्हटलं. दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी पहिली खरी फेरी. होडीत आकाराम, बनुबाई, मी, ओली जाळी, माशांची चार खोकी. होडीचं बूड मागं बसलं आणि नाक वर आलं. इंजिन चढावरच्या गाडीसारखं कण्हायला लागलं. काठावर आल्यावर प्लग काढून बघितला तर कोळशासारखा काळा. मी तारेच्या ब्रशनं घासला आणि परत बसवला. कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी नवाचा पंखा उचलला आणि माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली ठेवून दिला. नजरेसमोर नको म्हणून.

त्या पाण्याबद्दल सांगायला पाहिजे. वरून नुसतं हिरवं, गप्प पाणी. पण आकाराम वाट सांगायचा ती खालच्या गावाची. "आता पारावर आलो. हितनं उजवीकडं धरा, न्हाईतर फनसावर जाशीला." कोणाचा फणस, कसला पार. मला काही दिसायचं नाही. पण वैशाख लागला तसं पाणी उतरायला लागलं. रोज काठावर बोटभर ओला पट्टा उघडा पडायचा. आज नव्हतं तिथं उद्या झाडाचं काळं टोक वर यायचं, पानं नाहीत, साल नाही. पहाटे त्या टोकांमधून जाताना मला आपलं कुणीतरी खालून बघतंय असं वाटायचं. मी माणूस भित्रा नाही, पण त्या पाण्याला मी भ्यायचो.

वाटेत एक जागा यायची. तिथं आकाराम म्हणायचा, "मेजर, हितं इंजन बंद करून वर उचला."

"का रं?"

"देवी हाय खाली. मान द्यायचा आस्तो."

पूर्वी वल्ह्यांनी जायचे तेव्हाही तिथं आले की सगळे वल्ही उचलून धरत. होडी आपल्या वेगानं तीस-चाळीस पावलं सरकायची, तेवढ्यात बनुबाई चिमूटभर तांदूळ पाण्यात सोडायची. मग वल्ही खाली. देवीची मूर्ती तर गाव उठलं तेव्हाच वर आणून बसवली होती. मग खालच्या पाण्याला कसला मान? पण मी म्हटलं, असेल रीत, आपलं काय जातंय. इंजिन बंद करायचो, मागून वर उचलायचो, तांदूळ पडले की खाली सोडून पुन्हा दोरी ओढायचो.

जायचं काय ते इथंच होतं. त्या जुन्या इंजिनाला मोकळं फिरायची सोय नव्हती. दोरी ओढली की इंजिनाबरोबर पाण्यातला पंखाही फिरवावा लागायचा, आणि तेराचा पंखा म्हणजे खांदा उपटायचा. त्यात तापलेलं इंजिन, काळा पडलेला प्लग. दहा ओढी, पंधरा ओढी. मी होतो तोवर कसंबसं निभावलं. पंधरा दिवसांनी होडी आकारामच्या हातात दिली आणि मी काठावरून बघायला लागलो. रोज मधेच इंजिनाचा आवाज थांबायचा. मी मनात मोजायचो. आवाज परत यायला रोज जास्त वेळ लागत होता.

एका शुक्रवारी तो आलाच नाही. होडी आली साडेआठला, वल्ह्यांवर. ट्रक गेला होता. आकारामच्या तळहाताची दोरीनं साल निघाली होती.

हंबीरराव सगळ्यांदेखत त्याच्यावर तुटून पडले. "देवीला मान द्या न्हाईतर माशाला वास द्या, एक काय ते ठरीव. पुना ट्रक चुकला तर दुसरा गडी बगतो."

 आकारामनं फक्त माझ्याकडं बघितलं. दोष पंख्याचा, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी खाली वाकून इंजिनाची टोपी पुसत बसलो.

संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला.

"मेजर, पंखा बदलूया का? त्या खोक्यात दुसरा एक व्हता."

"सोमवारी बदलतो," मी म्हणालो. सोमवारी हंबीरराव साताऱ्याला जाणार होते. ते नसताना गुपचूप बदलला असता, म्हणजे माझं बोलणं मोडलं हे कुणाला कळलं नसतं. आणि शनिवारी मला कडेगावला जायचं होतं, पुतणीचं लग्न होतं. पहाटेची एसटी होती. दहा मिनिटांचं काम, पण मी ते त्या संध्याकाळी केलं नाही. कारण हंबीरराव समोरच्याच ओसरीवर पान खात बसले होते.

"तवर काय करू?" आकारामनं विचारलं.

"बंदच करू नको इंजन. चालू ठेव, हात जोड, झालं. देवीला काय घड्याळ लावून मान लागतो व्हय?"

 तो म्हणाला, "मेजर, इंजन पान्यात किती खाली जातं?"

"लागतंय तेवडं."

"तसं न्हवं. होडीच्या बुडाच्या खाली किती?"

"आरं, तू होडी चालीव. इंजनाचं मी बगतो."

"बरं," तो म्हणाला. "तुमी म्हनता म्हंजे आसंल बराबर." आणि गेला.

शनिवारी साडेअकराचा मुहूर्त होता. मांडवात उभा होतो, हातात अक्षता, मंगलाष्टका चालू. तांदळाकडं बघता बघता बनुबाईची चिमूट आठवली. आणि तिच्या मागोमाग आकारामचा प्रश्न. बुडाच्या खाली किती?  देवळापुढं काय असतं? तो देवीबद्दल विचारत नव्हता, तो दगडाबद्दल विचारत होता. देवळापुढं दीपमाळ असते, पुरुष-दीड पुरुष उंच, दगडाची. मूर्ती वर आणता येते, दीपमाळ कोण आणणार? ती तिथंच उभी होती, आणि पाणी महिनाभर बोटाबोटानं उतरत होतं. वल्ही उचलायची, इंजिन उचलायचं, त्याला हे लोक मान म्हणत होते. भरलेली होडी मागं वीतभर जास्त बसते. तिच्या बुडाखाली पंखा हातभर. मी होड्यांचा माणूस, बारा वर्षांत हजार वेळा खोली मोजली असेल, आणि इथं एकदाही काठी घालून बघितली नव्हती.

अक्षता तशाच मुठीत धरून मांडवातून बाहेर पडलो. बायको, शालूबाई, मागं आली. "आवं, कुटं निगाला? अजून अक्षता व्हायच्यात." मी सरळ एसटीच्या थांब्याकडं सुटलो. पोचून उपयोग नव्हता. देवीची जागा यायची सातला. आता साडेअकरा होत आले होते.

कराड, सातारा, मेढा. एसट्या बदलत गेलो, मेढ्याच्या पुढं जायला गाडी नव्हती. रविवारी सकाळी काठावर पोचलो. माणसं जमली होती, आणि सगळी पाण्याकडं पाठ करून बसली होती. मी पुढचं विचारलं नाही.

बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. ती रडत नव्हती. तिनंच सांगितलं, सरळ, जसं झालं तसं.

"तुमी सांगितलं तसंच केलं त्येनी. जागा आली, इंजन बंद केलं न्हाई. होडी वळवायची दांडी सोडली आन् दोनी हात जोडलं. म्या मूठ उगडली, तांदूळ सोडाय. तवाच आपटलं. इंजन मागनं उडालं, होडी आडवी झाली, ह्ये होडीच्या म्होरच्या कडंवर डोक्यानं आपटून पान्यात गेलं. दांडीला धरलं आसतं तर ऱ्हायलं आसतं. पर हात जोडल्यालं व्हतं."

मासे सांडून रिकाम्या झालेल्या एका खोक्याला धरून ती तरंगत राहिली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दिल्या नाहीत.

होडी ओढून आणली होती. मी इंजिन उचकटून बघितलं. तेराच्या पंख्याचं एक पातं दुमडलेलं, पिन मोडलेली. बाकी इंजिनाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मग गावात बोलणं सुरू झालं. मान दिला नाही म्हणून देवी कोपली. इंजिन चालू ठेवून देवीच्या डोक्यावरून गेला, तिनं ओढून घेतला. हंबीरराव म्हणाले, "पोरगं चांगलं व्हतं, पर देवाधर्माला ढिलं." ज्या तोंडानं वास द्या म्हणाले होते त्याच तोंडानं. आणि मी? मी गप्प. मला तर आयतंच मिळालं होतं. देवीच्या पदराआड लपलो. कडेगावला परतही गेलो नाही. दिवसभर खोलीत ट्रंकेवर बसून राहायचो.

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं बसली. एक म्हातारा, केरबा, गावचा जाणता. तो म्हणाला, "बनुबाईनं देवीपुढं पदर पसरावा. नवऱ्याची चूक पदरात घाल म्हनावं. तोवर तिनं पान्यावर जाऊ ने." बनुबाई मान खाली घालून ऐकत होती. पाण्यावर जाऊ नये म्हणजे तिनं खावं काय, हे कुणी बोललं नाही.

मी उठलो. खोलीवर जाऊन ट्रंक उघडली, नवाचा पंखा काढला आणि आणून सगळ्यांच्या मधे जमिनीवर ठेवला.

"ह्यो बसवायला पायजे व्हता," मी म्हणालो. "मला पयल्या दिवसापास्नं ठावं व्हतं. ह्येच्यावर इंजन बंद करून पुना लगेच चालू झालं आसतं. म्या लपवून ठिवला. आकाराम मागायला आला व्हता, म्या सोमवार सांगितला. इंजन बंद करू नको, हात जोड, ह्ये बी म्याच सांगितलं. चूक पदरात घालायची आसंल तर माजी घाला."

हंबीरराव उठले. "मेजर, गप बसा. झालं ते झालं."

"मी मेजर न्हाई," मी म्हणालो. "लान्स नाईक हाय."

 मग केरबानं विचारलं, "तुमाला दीपमाळ ठावी नव्हती?"

"न्हाई. तुमी मान म्हनला."

"मग काय म्हनायचं?" म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "आपल्या देवीची दीपमाळ वाटंत आडवी येती, आसं म्हनायचं व्हय? आमाला वाटलं, मान म्हटलं की मानसाला कळतं."

बनुबाई उठून माझ्यासमोर आली. पंख्याकडं बघितलं, पायानं सारला नाही, हातानं उचलला आणि माझ्या हातात दिला.

"बसवा," ती म्हणाली.

बसवला. दहा मिनिटं लागली. मोडकी पिन काढून नवी घातली. ती होडीत चढली आणि काठावरच्या माणसांना म्हणाली, खोकी भरून ठेवा. मासे नव्हते म्हणून त्यांनी दगड भरले. त्या दिवशी होतं तेवढं ओझं होईपर्यंत तिनं थांबवलं नाही.

आम्ही दोघंच निघालो. इंजिन कण्हत नव्हतं, ओझं घेऊन चालत होतं. पार गेला, फणस गेला. फणसाचं टोक आता कमरेएवढं वर आलं होतं. "बंद करा," ती म्हणाली. मी बंद केलं, वर उचललं. होडी सरकत राहिली. तिनं तांदूळ सोडले. मी बाहीसकट हात पाण्यात घातला, आणि कोपर बुडायच्या आतच बोटांना दगड लागला. गार, शेवाळलेला. त्याच्या कडेला एका जागी पंख्यानं खरवडल्यासारखं खरखरीत लागलं.

"लागली दीपमाळ?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सुरू करा आता."

इंजिन खाली सोडलं, दोरी गुंडाळली, ओढली. पहिल्याच ओढीला सुरू झालं. बनुबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग काठ येईपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही.